हरिपूरचं पेव: प्रलयानंतरच्या जगात खजिन्याचा शोध कसा रचावा

टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायच्या रोल-प्लेइंग खेळासाठी खजिन्याचा शोध रचायला बसलं की आपण पहिल्यांदा नकाशा काढतो. नकाशावर फुली, फुलीपर्यंत वाट, वाटेत दोन लढाया आणि एक कोडं. मीही बरीच वर्षं असंच करत होतो. सांगलीत दर रविवारी संध्याकाळी आमचं टेबल बसतं. चार खेळाडू असतात आणि जीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मी. नकाशापासून सुरू केलेल्या शोधांत मजा यायची, पण महिन्याभरानं कुणाला काही आठवायचं नाही. लक्षात राहिला तो एकच शोध, हरिपूरच्या पेवाचा. तो मी उलट्या बाजूनं रचला होता. आधी लपवणारं माणूस ठरवलं, मग त्यानं काय आणि कुणासाठी लपवलं ते, आणि नकाशा सगळ्यात शेवटी.

जगबुडीनंतरच्या गोष्टीत हाच क्रम चालतो असं माझं ठाम मत आहे. समुद्री चाच्यानं पुरलेली मोहरांची पेटी स्वतःसाठी पुरलेली असते. जग मोडताना कुणी काही लपवलं, तर ते मागाहून येणाऱ्या कुणासाठी तरी असतं. तो निरोप असतो, आणि तुमचे खेळाडू दुसऱ्याच्या नावाचा निरोप वाचत असतात. ही गोष्ट पक्की धरली की क्लू, सापळे, प्रतिस्पर्धी, शेवट हे सगळं त्यातूनच निघतं.

पुढे जे लिहितोय ते कुठल्याही नियमावलीवर बसेल. वीस बाजूंचा फासा वापरा किंवा सहा बाजूंचे चार, फरक पडत नाही.

आधी माणूस

एका कागदावर चार प्रश्न लिहा. लपवणारं कोण? काय लपवलं? कुणासाठी? कुणाच्या हाती लागू नये म्हणून? शेवटचे दोन प्रश्न एकत्र वाचायचे, कारण क्लूची भाषा त्यांच्यातच असते. ज्याच्यासाठी ठेवलंय त्याला कळावं आणि ज्याच्यापासून लपवलंय त्याला कळू नये, अशा तऱ्हेनं माणूस खूण ठेवतो.

माझी उत्तरं अशी होती. लपवणारी मिरजेच्या एका हॉस्पिटलमधली ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मिरज हे जुनं दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनसुद्धा पेशंट इथे येतात, त्यामुळे सांगली-मिरजेच्या कुणालाही हे पटवून द्यावं लागत नाही. तिनं लपवलं शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं एक स्टीलचं खोकं आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली वही. ठेवलं मुलीसाठी. मुलगी पुण्याला नर्सिंग शिकत होती, आणि वीज गेली, गाड्या थांबल्या तेव्हा तिकडेच अडकली. लपवलं ते औषधांसाठी दवाखाने फोडत फिरणाऱ्या टोळ्यांपासून. सिस्टरचं माहेर हरिपूर, आणि वडील हळदीच्या धंद्यातले.

एवढं लिहून झालं तेव्हा नकाशावर एकही फुली नव्हती, पण खोकं कुठे असणार हे मला ठाऊक होतं. हळदीच्या धंद्यातल्या बापाची लेक जीव की प्राण असलेली वस्तू कुठे ठेवेल? पेवात.

ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हरिपूर सांगलीला लागूनच आहे, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाचं गाव. तिथल्या जमिनीत हळद साठवायची भुयारी कोठारं असायची. तोंड अरुंद, जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण पेवं आता फारशी वापरात नाहीत. ‘पेव फुटलंय’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, आणि पेव म्हणजे काय हे मात्र माझ्या टेबलावरच्या दोघांना सांगावं लागलं. खेळातलं भुयार शोधायला परदेशी किल्ल्यांचे नकाशे उघडण्याआधी आपल्या बोलण्यातले असे शब्द उकरून पाहा. ते जमिनीखाली कुठे ना कुठे पोचतात.

तीस वर्षांनी काय उरतं

जग मोडून किती वर्षं झाली हे आकड्यात ठरवा. ‘खूप वर्षांपूर्वी’ चालत नाही, कारण काय वापरता येईल आणि काय नाही हे त्या आकड्यावर ठरतं. मी तीस वर्षं धरली.

तीस वर्षांत पेट्रोल कधीच मेलेलं असतं, ते महिन्यांच्या हिशेबानं खराब होतं. डिझेल थोडं जास्त तग धरतं, पण तीस वर्षं नाही. गाड्यांच्या बॅटऱ्या पाचसात वर्षांत संपतात, टायरना भेगा जातात, रबरी नळ्या चुरा होतात. छतावरची सोलर पॅनेलं मात्र हळूहळू थकतात आणि तीस वर्षांनीही बऱ्यापैकी वीज देतात. पण साठवायला बॅटरी नाही. म्हणजे ज्या गावाकडे पॅनेलं आहेत तिथे दिवसा पंप चालतो आणि रात्री अंधार. या एका तपशिलावर मी आख्खं गाव उभं केलं: उजेड असेतो सगळे घाईत, आणि दिवस मावळला की तंटे.

काच टिकते, पितळ टिकतं, स्टेनलेस स्टील टिकतं. कोरडा राहिला तर कागद टिकतो. मीठ टिकतं. इंजेक्शनं आणि गोळ्या यांचा भरवसा राहत नाही. म्हणूनच माझ्या खजिन्यात औषध नाही. कात्र्या, चिमटे, सुई धरायची पकड, काचेच्या सिरिंजा, सगळं व्हॅसलीन चोपडून फडक्यांत गुंडाळलेलं. आणि वही. वहीत हत्यारं किती वेळ उकळायची, अडलेल्या बाळंतिणीला कसं झोपवायचं, आणि जुलाबांनी सुकलेल्या पोराला काय पाजायचं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. हे शेवटचं खरंखुरं प्रमाण आहे. त्या जगात लाखमोलाचं काय असेल हे या एका ओळीवरून खेळाडूंना एकदम कळलं. सोन्याच्या हंड्यानं तसं कळलं नसतं.

खजिना ठरवताना एक परीक्षा घ्या. ही वस्तू मिळाली नाही तर कुणाचं अडणार आहे? नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. माझ्या गोष्टीत मिरजेच्या सुईणीकडे एकच गंजलेली कात्री उरली होती, आणि हे खेळाडूंनी पहिल्या अर्ध्या तासात डोळ्यांनी पाहिलं होतं.

नकाशा पाण्याचा काढा

सांगली जिल्ह्याचा नकाशा म्हणजे खरं तर पाण्याचा नकाशा. पश्चिमेला शिराळा-चांदोलीकडे धो धो पाऊस, मध्ये कृष्णाकाठ, आणि पूर्वेला जत-आटपाडीचा कोरडा माळ. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून वर नेलं. वीज गेली की पंप थांबतात, आणि पूर्व भाग पुन्हा पहिल्यासारखा होतो. काठावरचा ऊस राहत नाही, त्या जागी बाभूळ आणि घाणेरी माजते. वर कोयनेचे दरवाजे चालवायला कुणी नाही, त्यामुळे पावसाळ्यात पाणी त्याच्या मर्जीनं येतं.

कागदावर नदी काढा आणि काठानं पाचसहा जागाच मांडा, जास्त नकोत. मिरजेचं जंक्शन, तिथे रुळांवरच्या डब्यांत बाजार भरतो. मिरजेतलं तंतुवाद्य कारागिरांचं घर. अंकलीचा पूल. सांगलीत आयर्विन पूल, १९२९ चा, अजून उभा. हरिपूर. आणि नदीपासून लांब, उंचावर तासगाव, जिथे द्राक्षबागा राखलेल्या लोकांनी बेदाण्यावर आपला व्यापार उभा केलाय. प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहायची: इथल्या माणसाला कशाची गरज आहे. बाकीचं टेबलावर सुचतं.

साताऱ्याकडे खेळत असाल तर हेच काम कासचं तळं, चाळकेवाडीच्या पठारावरच्या बंद पडलेल्या पवनचक्क्या आणि लिंबची बारा मोटांची विहीर यांच्यावर करता येईल. त्या विहिरीच्या पोटातच महाल आहे. खेळासाठी इतकी तयार जागा फार कमी सापडतात.

क्लू

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझा एक जुना शोध मी याच विहिरीत घातला होता. महालाच्या कोरीव खांबावर खूण होती, आणि ती दिसायला निरीक्षणाचा फासा यायला हवा होता. चौघांचेही फासे फसले. पुढचे दोन तास आम्ही विहिरीतच होतो. ते भिंती ठोकत होते, मी काहीतरी जोडून नवा क्लू घुसडायच्या खटपटीत होतो, आणि शेवटी एकानं विचारलं, ‘घरी जायचं का?’ चूक फाशांची नव्हती. पुढे जायला एकच दार ठेवलं होतं आणि त्याला कुलूप घातलं होतं, ती चूक माझी.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. पुढे जाण्यासाठी जे कळलंच पाहिजे, त्याला तीन वेगवेगळ्या वाटा ठेवायच्या: एक वस्तूची, एक माणसाची, एक जागेची. आणि मुख्य क्लूला फासा नाही. तिथे जाऊन नीट पाहिलं, विचारलं, तर मिळतोच. फासा टाकायचा तो क्लू मिळताना किती किंमत मोजावी लागली हे ठरवायला. वेळ गेला का, आवाज झाला का, कुणाच्या नजरेत आलात का.

सिस्टरचा माग मी तीन टप्प्यांत ठेवला.

पहिला टप्पा हॉस्पिटलचा. इथे एवढंच कळायला हवं की सिस्टर खोकं घेऊन गेली आणि जाण्याआधी वाद्यांच्या कारागिराकडे थांबली. वस्तूची वाट म्हणजे थिएटरचं रजिस्टर. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात ‘खोके क्र. ३, सोबत नेले’ आणि सही. माणसाची वाट म्हणजे तेव्हाचा पोरसवदा वॉर्डबॉय, आता जंक्शनच्या बाजारातला म्हातारा. त्यानंच खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून दिलं होतं. जागेची वाट म्हणजे तिची खोली. खुंटीला तंबोऱ्याची रिकामी गवसणी आणि तिच्यात कारागिराची पावती, ‘जवारी काढणे’, म्हणजे तारांचा झंकार नीट लावून देणं.

तंबोरा मुलीचा. ती गाणं शिकत होती, आणि पुण्याला जाताना तंबोरा जवारीला टाकून गेली होती. आई विचार करते की पोरगी परत आली तर घर सापडेल न सापडेल, पण तंबोरा घ्यायला नक्की जाईल. म्हणून निरोप भोपळ्याच्या आत चिकटवलेला. चार प्रश्नांपैकी ‘कुणासाठी’ या एकाच प्रश्नातून ही जागा आली. मला कोडं सुचावं लागलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात भोपळ्यातली चिठ्ठी. तिच्यात जात्यावरच्या चालीतली ओवी:

दोघी बहिणी भेटती, माझ्या माहेराच्या दारी
धाकटीची ओली ओटी, थोरलीची उशी कोरी

चिठ्ठी सापडली नाही तर कारागिराच्या नातवाला ती ओवी तोंडपाठ आहे. त्याच्या आजीनं सिस्टरकडून ऐकली आणि त्याला झोपवताना म्हटली. आणि तेही हुकलं तर पावती-पुस्तकात माहेरचा पत्ता आहे, मु. हरिपूर.

ओवी स्वतः लिहा. जमेल तशी लिहा, पण चाल धरून लिहा आणि टेबलावर म्हणून दाखवा. दोघी बहिणी म्हणजे कृष्णा आणि वारणा, हे आमच्या टेबलावर लगेच कळलं. ‘थोरलीची उशी’ अर्धा तास सुटेना. मग एक जण म्हणाला, नदी झोपली तर डोकं उगमाकडेच करणार. म्हणजे गावाची वरची, सांगलीकडची बाजू. तो क्षण त्याचा होता. माझ्या वहीत लिहिलेलं उत्तर तेच होतं, पण त्यानं दुसरं पटणारं उत्तर दिलं असतं तर मी पेव तिकडे हलवलं असतं.

तिसरा टप्पा हरिपुरात, पेव नेमकं कुठलं? इथे माझ्या खेळातलं हरिपूर आहे, खऱ्या गावाचा उतार मोजत बसू नका. ओवी एक वाट दाखवते. दुसरी वाट मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराकडे. एका जागेवरून कळप गेला की जमीन पोकळ वाजते, हे त्याला माहीत आहे. तिसरी वाट म्हणजे देवळाच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा. कुठल्या उंचीपर्यंत पाणी आलं ते पाहून कोरडी राहिलेली जमीन कुठली ते काढता येतं. सिस्टरच्या वडिलांचं पेव २००५ च्या पुरातही कोरडं राहिलं होतं. म्हणून तर तिनं ते निवडलं.

आणि एक क्लू मी मुद्दाम मुख्य वाटेबाहेर ठेवला. ओवीला आणखी दोन ओळी आहेत, आणि त्या फक्त मुलीला माहीत आहेत. मुलगी जिवंत आहे. पुण्याहून चालत निघाली, पोचायला दोन वर्षं लागली, तोवर आई गेलेली. आता पन्नाशीची होऊन तासगावात बेदाणे निवडते. तंबोरा घ्यायला ती कधी गेलीच नाही, कारण आईशिवाय त्या घराकडे पाय वळेना. खेळाडूंनी तिला गाठलंच पाहिजे असं नाही. गाठलं तर ती म्हणते:

भुईच्या गं पोटामंदी निजे पिवळं नवल
दिव्याला पुसून बाई, मग टाकावं पाऊल

‘पुसून’ म्हणजे विचारून. आमच्या पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या चमूनं, ते दुसऱ्या अर्थानं घेतलं आणि देवळातल्या समया घासूनपुसून लख्ख केल्या. शब्दाला दोन अर्थ असले की क्लू आपोआप खोल होतो, आणि मराठीत असे शब्द हवे तेवढे आहेत.

आयर्विनला किती फूट?

शोधाला घड्याळ हवं. नाहीतर खेळाडू प्रत्येक दगड उलटून बघतात, आणि तसं करणं त्यांच्या दृष्टीनं शहाणपणाचंच असतं. सांगलीत घड्याळ शोधावं लागत नाही. पावसाळ्यात इथला प्रत्येक माणूस सकाळी उठून एकच विचारतो, आयर्विनला किती फूट? पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं.

एका पुठ्ठ्यावर उभी पट्टी काढा, तीसपासून पन्नासपर्यंत. ती सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर उभी करा आणि कपडे वाळत घालायचा चिमटा एकतीसवर लावा. पार्टीनं एखादं वेळखाऊ काम केलं, एका गावातून दुसऱ्या गावात गेली, रात्र काढली, कुठे शोधाशोध केली, की एक सहा बाजूंचा फासा टाकायचा. एक किंवा दोन आले तर पाणी तिथेच. तीन, चार, पाच आले तर एक फूट वर. सहा आले तर दोन फूट, आणि वारणेलाही फुगवटा. या हिशेबानं पंचेचाळीसला पोचायला सरासरी सतराएक फासे लागतात. तीन-तीन तासांच्या दोन सेशनना हे बरोबर पुरतं.

आकड्यांना परिणाम जोडा. मी खेळापुरते असे धरले: पस्तीसला काठची घरं आणि मळईच्या वाटा गेल्या, चाळीसला अंकलीकडून येणं बंद, त्रेचाळीसला हरिपूरला फक्त होडीनं किंवा गुळाच्या काहिलीत बसून जायचं, पंचेचाळीसला पेवाच्या तोंडाशी ओल. सत्तेचाळीसला पेव गेलं. फासा खेळाडूंनाच टाकू द्या. पाणी त्यांच्या हातानं चढलं की ते पुठ्ठ्याकडे बघत बोलायला लागतात, आवाज खाली येतो.

दुसरे शोधणारे

यावर फार लिहीत नाही. एकच टोळी पुरे, पण तिची गरज खरी असू दे. माझी टोळी एका बंद साखर कारखान्यात राहते. दारू गाळायची डिस्टिलरी त्यांनी चालू ठेवलीय. त्यांच्याकडे स्पिरिट आहे आणि हत्यारं नाहीत, मिरजेच्या सुईणीकडे हात आहेत आणि दोन्ही नाही. टोळीचा म्होरक्या हत्यारं मागतो कारण त्याच्या भावाचा पाय सडतोय. अशा माणसावर तलवार उपसताना खेळाडू थांबतात. टोळीला पार्टीच्या एक पाऊल मागे ठेवा आणि पार्टीनं आवाज केला की अर्धं पाऊल पुढे सरकवा.

पेवात उतरणं

शेवटच्या जागेत राक्षस नको. जागाच पुरेशी आहे.

बंद पेवात हवा कोंडलेली असते. जुने लोक पेव उघडलं की लगेच उतरत नसत. तोंड मोकळं ठेवून वाट पाहायची, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर नाही. ‘दिव्याला पुसून’ ते हेच. आता घड्याळ आठवा. वाट पाहायची तर फासा टाकायचा, म्हणजे पाणी चढणार. न थांबता उतरायचं तर आत श्वास नाही. दोन्ही धोके खरे आहेत आणि एकमेकांविरुद्ध ओढतात. शेवटच्या प्रसंगाला याहून जास्त काही लागत नाही.

नियम साधा ठेवला. उघडल्यापासून जितके फासे थांबाल, तितक्या फेऱ्या आत सुखरूप. त्यापुढच्या प्रत्येक फेरीला तब्येतीचा फासा, आणि प्रत्येक फेरीत तो अवघड होत जातो. फासा फसला तर आधी शब्द अडखळतात, मग हात चालत नाहीत, मग वरच्यांनी ओढून काढायचं. खोकं शोधायला दोन फेऱ्या, दोरीला बांधायला एक. तासगावच्या बाईला न भेटलेल्या पार्टीवर हा अन्याय होऊ नये, म्हणून पहिला माणूस उतरताना त्याच्या हातातला पलिता मध्येच मंद होतो असं मी सांगतो. तेवढी सूचना पुरते. आम्ही दोन फासे थांबलो, चिमटा पंचेचाळीसवर गेला, आणि दोर ओढणाऱ्याच्या घोट्याला पाणी लागलं.

हे टेबलापुरतंच ठेवा. जुनं पेव, बंद विहीर, ड्रेनेजचं चेंबर यांत खऱ्या आयुष्यात कंदिलाच्या भरवशावर कधीही उतरू नका. विषारी वायू असेल तर दिवा जळत असतानाही माणूस जातो.

टेबलावर बसलेली माणसं

सांगलीत पूर हा खेळातला धोका नाही, आठवण आहे. सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला वेगळं विचारलं, पूर घेऊ का? तिघं हो म्हणाले. चौथ्याच्या घरात २०१९ ला पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. तो म्हणाला, घे, पण वाहत जाणारी जनावरं नकोत आणि रात्रीचा अंधारातला आवाज नको. ते दोन्ही मी काढलं. गोष्ट कुठेही कमी झाली नाही. उलट तोच पुठ्ठ्यावरचा चिमटा सगळ्यात जपून सरकवत होता.

दुसरी गोष्ट गुप्तधनाची. खजिना म्हटला की कुणीतरी मांत्रिक, नाग, पायाळू माणूस आणि बळी यांकडे वळतंच. मी ते टेबलावर येऊ देत नाही. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादानं खरी माणसं, खरी लेकरं मारली गेली आहेत. ज्या माणसानं त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून आयुष्य घातलं ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, आणि त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्येच तो कायदा आला. इतक्या जवळचं दुःख करमणुकीला घ्यावंसं मला वाटत नाही. गावात भोंदू दाखवायचा असेल तर भोंदू म्हणूनच दाखवा.

खोकं उघडल्यावर

सापडलं, टाळ्या, घरी, असं करू नका. शेवटचा पाऊण तास उघडण्यानंतरच्या गोष्टींसाठी राखून ठेवा. तोवर हत्यारांवर तिघांचा हक्क झालेला असतो: मिरजेची सुईण, कारखान्यावरचा सडक्या पायाचा भाऊ, आणि जिच्यासाठी ठेवलं ती तासगावची बाई. खोकं एकच. वही मात्र उतरवून घेता येते, फक्त त्याला दिवस लागतात, आणि लिहिता-वाचता येणारी माणसं थोडी उरलीत. यातलं बरोबर उत्तर जीएमनं ठरवू नये. मी ठरवलं नव्हतं. आमच्या पार्टीनं वाद घातला, अगदी खरा. एकानं हत्यारं सुईणीला द्यायची म्हटलं, दुसऱ्यानं टोळीकडून स्पिरिटचा करार लिहून घ्यायचा म्हटलं, आणि तिसरा सारखं विचारत राहिला की पण तिच्या आईनं कुणासाठी ठेवलं होतं?

वहीचं पहिलं पान खरंखुरं करा. मी माझ्या आईकडून लिहून घेतलं, कारण तिच्या अक्षराला ते वळण आहे, शाईच्या पेनाचं, शाळेत गिरवलेलं. जुन्या वहीचं पान, कडेला हळदीचा हात. वर मुलीचं घरातलं लाडाचं नाव, खाली पाचसहा ओळी: पोचलीस का, जेवलीस का, हत्यारं वापरून झाली की पुसून ठेव, वही ओली होऊ देऊ नकोस, आणि तू आली नाहीस तर ज्याला सापडेल त्यानं आधी पान अकरा वाचावं. पान अकरावर पाण्या-साखरेचं प्रमाण.

हे पान सेशन सुरू होण्याआधी घडी घालून पाकिटात ठेवा, आणि खोकं उघडलं की उघडणाऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडे ज्यानं उघडलं त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर पान शेजारच्याकडे सरकवलं. उरलेलं त्यानं वाचलं. मग कुणीतरी घड्याळ बघितलं, सव्वादहा वाजले होते, आणि तासगावला जायला अजून किती फासे लागतील ते ते मोजायला लागले.